लाखीचा डाग

रुपाबाईला अंगणात निजवलं होतं. आंघोळ झाली, हिरवं लुगडं नेसवून झालं, आणि सगळं अडलं ते पायातल्या तोड्यांपाशी. लग्नातले चांदीचे तोडे. दुखण्यात पाय सुजले होते, त्यामुळे ते निघेनात. तेल लावलं, साबण लावला. शेवटी सोनार कातर घेऊन आला.

"कापू नका," मी म्हणालो.

भुरीबाई, माझी थोरली वहिनी, पायाशी बसली होती. ती म्हणाली, "अवो भाऊजी, चांदी काय जाळाची हाये? नातीच्या पायात पडन ते."

"जळू द्या. तिले काई कापू नका."

"येडे झाले काय तुमी?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. बाजेवर इस्माईल बसला होता. बातमी कळताच तो मंगरूळपीरहून छकड्यात बसून आला होता. आम्ही दोघं रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, एकाच तुकडीतले. त्याने मान खाली घातली. मी असं का म्हणतो ते त्या अंगणात फक्त त्यालाच माहीत होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी मी निजाम सरकारच्या रिसाल्यात शिलेदार होतो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन आलेला. ज्याच्यापाशी घोडा नसे तो बारगीर. तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसे आणि त्याला कोणीही हाक मारून कामाला लावी. माझ्या बापाच्याने घोडा घेणं होत नव्हतं. सासऱ्याने लग्नात घोडी दिली, म्हणून मी शिलेदार झालो. लाखेच्या रंगाची, म्हणून तिचं नाव लाखी. शिंगरू होती तेव्हापासून रुपाबाईने तिला हाताने चारलेलं. दोघी एकाच दिवशी आमच्या दारात आल्या. महिन्याभराने मी घोडी घेऊन हैदराबादेला गेलो आणि बायको इथे राहिली.

तिसऱ्या वर्षी मी आणि इस्माईल रजेवर माझ्या गावी आलो. घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच लाखीच्या पोटात शूळ उठला. सकाळपासून ती वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी, लोळत होती. रुपाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुपारी घोडी मेली.

रिसाल्याची रीत अशी होती की प्रत्येक घोड्याच्या मांडीवर तापल्या लोखंडाने सरकारी डाग दिलेला असे. घोडा रजेवर मेला तर तेवढं कातडं आणि शेपूट कापून नेऊन दाखवायचं. ते दाखवलं तर दुसरा घोडा मिळेपर्यंत जागा राहायची. नाही दाखवलं तर घोडा विकून खाल्ला असं धरत आणि शिलेदारीतून नाव काढून टाकत.

इस्माईलने सुरी आणली. रुपाबाई उठली नाही.

"तिले कापू नका," ती म्हणाली. "अशीच मातीत घाला."

"आन् रिसालदाराले काय सांगू?"

"मेली म्हना. खरं तेच सांगाचं हाये ना?"

इस्माईल हसला. "भाभी, तिथं खऱ्याले कोन पुसते? उद्या ह्याले बारगीर करतीन. माह्या घोड्याले खरारा करन हा, चालन तुमाले?" मग मला म्हणाला, "पुंज्या, आता बायकोले इचारून रिसाला चालवतं का?"

मला ते लागलं. मी सुरी घेतली. कातडं अजून गरम होतं. रुपाबाई तोंड फिरवून उभी राहिली. माझं झाल्यावर ती घरात गेली, तिचं जुनं लुगडं घेऊन आली आणि घोडीच्या मांडीवर पांघरलं. मग आम्ही खड्डा केला.

मी हजर झालो तेव्हा कारकून पान खात होता. मी फडकं सोडू लागलो तर म्हणाला, "टाक तिकडे." कोपऱ्यात पोतं होतं. त्यात तसली वीस-पंचवीस कातडी पडलेली, घाण मारत होती. त्याने डाग पाहिला नाही. कोणत्याही मेल्या जनावराचं कातडं चाललं असतं. इस्माईल माझ्या मागेच उभा होता.

त्यानंतर चौदा वर्षं नोकरी केली. रजेवर येई तेव्हा रुपाबाई जेवायला वाढी, नव्या घोड्यापुढे पाण्याची बादली ठेवी, पण त्याला हात लावत नसे. रिसाल्याचं तिने एकदाही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मी कारकुनाचं सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणत राहिलो. मग रिसाला मोडला, मी घरी आलो. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तोडे तिच्या पायातच गेले. सोनार कातर घेऊन परत गेला. भुरीबाई स्मशानाकडे निघेपर्यंत बडबडत होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडली तेव्हा ते सापडले. काळे, वाकडे झालेले. भुरीबाई म्हणाली, "आता तरी घरात ठेवा, भाऊजी." मी ते फडक्यात बांधले आणि वावराकडे निघालो. इस्माईल अजून गेला नव्हता. तो काठी टेकत मागे आला.

धुऱ्यावर जागा सापडायला वेळ लागला. तिथे आता तरवटाची झुडपं माजलीत. मी विळ्याने हातभर खड्डा केला.

"भाभीले सांगाले पायजे होतं आपन," इस्माईल म्हणाला.

"हव."

"मी बोललो नसतो त्या दिवशी तर..."

"सुरी माह्या हातात होती," मी म्हणालो.

तोडे ठेवले, माती लोटली. मग बोललो, इस्माईल ऐकत होता तरी बोललो. "रुपा, त्यानं डाग पाह्यलाच नाई. तू म्हनली तसंच कराचं होतं."

इस्माईल दुसरीकडे पाहत राहिला. ऊन चढलं होतं. त्याचा छकडा थांबला होता. मी विळा पुसला आणि आम्ही परत निघालो.