वच्छीच्या वाटणीची जुडी

“हे चमचाभर तेल आणि हा अख्खा डबा गाजरं, उष्मांक दोन्हींत सारखेच,” ग्रामसेविका कोकिळाताई म्हणाल्या, आणि पारावर जमलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद, एवढं आधी सांगून झालं होतं. पंचायत समितीकडून आलेला पत्र्याचा डबा फोडून ताईंनी गाजरं परातीत ओतली होती. शेजारी करडईच्या तेलाचा चमचा. खरं महत्त्वाचं त्या आता कुठं सांगणार, तेवढ्यात आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, उठल्या. तानुबाई माळीण गप्प बसलीय, असं अमडापुरात कोणी कधी पाहिलेलं नाही.

“मंग एवढा डबा कायले चावत बसावं वो बाई? चमचाभर तेल पेलं का झालं!”

बाया खदखदून हसल्या आणि पदर झटकून घरी निघाल्या. “अहो, ऐका तर!” म्हणत ताई परातीपाशी एकट्याच उरल्या.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी माझ्या वच्छीच्या भाकरीवरची तेलाची धार दुप्पट केली. वच्छी सहा वर्षांची. दिवेलागण झाली की तिला दिसेनासं व्हायचं. उंबऱ्याला ठेचकाळायची, पाण्याचा तांब्या लाथाडायची, आजीचं बोट धरल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. पोरीचं पुढं कसं होणार, या काळजीनं माझा जीव तुटायचा. आत्याबाईंचं एकच, “ताकद कमी पडून राह्यली तिले. तेल घाल, पुष्पे. आपल्या घरी काय तोटा हाय?”

तेलाचा तोटा नव्हताच. तोटा होता भाजीचा, आणि तोही माळ्याच्या घरात! मळ्यात पालक, मेथी, चुका नुसता माजलेला असायचा. पण विकायच्या मालाला घरच्यांनी हात लावायचा नाही, हा आत्याबाईंचा नेम. त्यांनी बांधलेली जुडी बाजारात लांबूनच ओळखू यायची. आम्ही घरचे मात्र चटणी, तेल, भाकरी.

पुढच्या बाजारी त्यांची टोपली भरलेलीच राहिली. “तुमीच तं म्हनलं ना तानुबाई, चमचाभर तेल बस्स हाय,” असं हसत हसत बाया पुढं निघून जात होत्या. आत्याबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड. तशीच टोपली डोक्यावर घेऊन त्या तडक कोकिळाताईंच्या दारात! वच्छीचा हात धरून मी मागं.

“काय वो बाई, तुमच्या त्या चमच्यानं माही टोपली वापस आली! माह्या पालकाले आता कोनी इचारत नाही.”

ताई काही बोलणार, तोच पायरीवर वच्छी धडपडली. नुकतंच अंधारून आलं होतं. ताईंनी तिला उचललं, तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला आणि विचारलं, “हिला पालेभाजी देता ना?”

“मी माळीन हाय,” आत्याबाई ताठ होऊन म्हणाल्या. “माही भाजी अख्खं अमडापूर खाते.”

“ते झालं. ही खाते का?”

आत्याबाईंनी डोक्यावरची टोपली खाली उतरवली. लग्न होऊन आल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेलेली पाहिली.

“उष्मांक सारखे म्हणून सगळंच सारखं नसतं,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “चमचाभर तेलाइतके उष्मांक घ्यायला तुमच्या पालकाच्या दोन जुड्या लागतील. पण त्या जुड्यांत डोळ्यांना लागतं ते आहे, रक्ताला लागतं ते आहे. तेलाच्या चमच्यात ते नाही. हां, पाल्यातलं ते अंगी लागायला थोडं तेल हवंच.”

“मंग त्या दिशी सांगतलं काऊन नाही?”

“तुम्ही बोलू दिलंत का?”

मला हसूही आलं आणि रडूही. ताईंनी बजावलं म्हणून दुसऱ्याच दिवशी वच्छीला दवाखान्यात दाखवून आणलं. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, परत आलेल्या टोपलीतला पालक आमच्या चुलीवर शिजला. फोडणी आत्याबाईंनी स्वतः दिली, आणि नातीला पहिला घासही त्यांनीच भरवला.

पुढच्या बाजारी बघते तर काय, आत्याबाईंनी दुकानापुढं परात मांडलेली! एका बाजूला तेलाचा चमचा, दुसरीकडं दोन जुड्यांच्या गाठी सोडून रचलेला पालकाचा ढीग.

“पाहा वो बायांनो! ताकद सारखीच हाय, पन नुसत्या तेलानं पोट्टीचे डोळे सुधरत नाही! तेल फोडनीपुरतं, बाकी सारा पाला! मी चुकली होती, आता तुमी नोका चुकू!”

भर बाजारात चूक कबूल करायला छाती लागते. गर्दीत कोकिळाताई उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ही माझी सासू, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. टोपली दुपारीच रिकामी झाली. ओल्या फडक्याखाली एक जुडी झाकलेली होती, सगळ्यांत कोवळी. एका बाईनं नेमकी तीच मागितली.

“ते नाही विकाची,” आत्याबाई म्हणाल्या. “ते माह्या वच्छीची हाय.”

महिना उलटला. एकदा असाच बाजार आटोपून आम्ही मळ्याकडं परतत होतो. गावात दिवे लागले होते. आपल्या वाटणीची जुडी छातीशी धरून वच्छी बांधावरून पुढं पळाली. वाटेत दगड आला, त्याला बरोबर वळसा घालून गेली. मागून रिकामी टोपली डोक्यावर घेऊन आत्याबाई ताठ मानेनं चालत होत्या. त्यांचं एक बोट मात्र सवयीनं तसंच बाजूला धरलेलं होतं.