घर विकणे आहे

धम्मप्रियाबाईंनी आयुष्यात एक नियम कडक पाळला होता: घरमालकाने नाही म्हटलं की कारण विचारायचं नाही. पिशवी उचलायची, 'बरं' म्हणायचं आणि मान ताठ ठेवून पायऱ्या उतरायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हदगाव, नांदेड, देवणी आणि शेवटी लातूर अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक गावात खोली शोधताना हा नियम कामाला आला. आधी खोली रिकामी असायची. मग मालकीणबाई आडनाव विचारायच्या आणि लगेच त्यांचा कुणी पुतण्या गावाहून राहायला येणार असायचा. "न आलेल्या पुतण्यांनी अख्खा मराठवाडा भरलाय बघा," असं बाई दवाखान्यात सांगायच्या, सगळे हसायचे, त्याही हसायच्या. नंतर खोलीवर जाऊन एकट्याच जेवायच्या. लग्न राहूनच गेलं होतं. आई होती तोवर आईचं करण्यात दिवस गेले आणि आई गेल्यावर तो विषय काढायला कुणी उरलं नाही.

म्हणून निवृत्त होताना त्यांनी ठरवलं, आता भाड्याची खोली नको. आपलं घर हवं. त्या दारावर 'नाही' म्हणायचा हक्क आपला.

घरांचे सौदे जुळवणारा वैजनाथ त्यांना स्कूटरवर बसवून लातूरभर हिंडवत होता. एका गल्लीच्या टोकाला त्याने स्कूटर थांबवली. तीन खोल्यांचं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात शेवगा, आणि फाटकाला पत्र्याचा बोर्ड: घर विकणे आहे. पत्रा कडेने गंजला होता, अक्षरं मात्र ताजी गिरवलेली होती. बाईंनी ते पाहिलं, पण घर बघायला आलेलं माणूस बोर्ड कशाला निरखत बसेल? वैजनाथने तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

माणिकप्पा दारातच उभे होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, अंगात धुतलेली बंडी, गळ्यात लिंग. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा रामलिंग पुण्याला होता. घर विकून मुलाकडे जायचं, असं ते सांगत.

"या, बसा. आधी च्या घ्या," ते म्हणाले. "घर कुठं पळून जात न्हाई. साखर किती घालू?"

आडनावाच्या जागी साखर विचारणारा हा पहिला घरमालक. बाईंनी घर तिथेच, चहा उकळायच्या आत, मनातल्या मनात विकत घेऊन टाकलं. बाकीच्या दोन खोल्या त्यांनी नंतर शिष्टाचार म्हणून पाहिल्या.

निवृत्तीचे पैसे हातात पडायला वेळ लागणार होता, तेव्हा थोडी रक्कम इसार म्हणून देऊन सौदाचिठ्ठी झाली. रजिस्ट्री दिवाळीनंतर करायची ठरली. मधल्या काळात बाई रविवारी घर बघायला जाऊ लागल्या. पहिल्या रविवारी पडद्यांची मापं घेतली. दुसऱ्या रविवारी कॉट कुठे मावेल ते पाहिलं. पुढे मापायला काही उरलं नाही, तरी जात राहिल्या. म्हातारा त्यांना घर शिकवायचा. बोअरची मोटर एकदम पाणी ओढत नाही, आधी दोनदा चालू-बंद करायची. नळाला पाणी आठवड्याने येतं, पण येताना पाइप खोकतो, तेव्हा जागं व्हायचं. मागच्या दाराला खांदा लावायचा, हात नाही. बाई शेवग्याच्या शेंगांची आमटी करायच्या आणि दोघं अंगणात बसून जेवायची. 'सिस्टर' म्हणणारे माणिकप्पा बघता बघता 'पोरी'वर आले. इतकी वर्षं शेकडो माणसांची नाडी धरलेल्या बाईंचा हात कुणी धरला नव्हता. त्या रविवारची वाट बघू लागल्या होत्या आणि हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हत्या.

दिवाळी तोंडावर आली आणि वैजनाथ खोलीवर आला. खुर्चीत न बसता उभाच राहिला.

"मॅडम, म्हातारं पलटलं. विकायचं न्हाई म्हणून राह्यलं. इसार परत न्या म्हणतंय."

बाईंचा चेहरा हलला नाही. त्या चेहऱ्याला सवय होती.

"कारण?" हा शब्द ओठांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला. कारण त्यांना ठाऊक होतं. गल्लीत कुणीतरी म्हाताऱ्याच्या कानाला लागलं असणार. इतके रविवार एका ताटलीतल्या शेंगा खाल्ल्या, तरी शेवटी पुतण्या आलाच.

"त्याचं असंच हाय," वैजनाथ म्हणाला. "तुमी चला माझ्यासंगं. जरा आवाज चढवा. भांडल्याबिगर त्यो काय ऐकत न्हाई."

"मी कुणाच्या दारात भांडायला जात नाही," बाई म्हणाल्या.

वैजनाथ काहीतरी आणखी सांगणार होता. पण बाईंचा सूर असा होता की त्याने स्कूटरची किल्ली खिशातून काढली आणि तो निघाला. गरीब बिचारा दलाल, त्याला काय माहीत की समोरची बाई एका म्हाताऱ्याशी नाही, सगळ्या जुन्या घरमालकांशी एकदम बोलत होती!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाईंनी चढायची ठरवली. वकील होती शिल्पा, तिच्या बाळंतपणात बाईंनीच रात्री जागवल्या होत्या.

"मावशी, समोरचा फिरला म्हणून सौदा मरत नसतो," शिल्पाने समजावलं. "इसार परत घ्या आन् मोकळ्या व्हा, हा एक रस्ता. न्हाईतर इसार घेऊन वर नुकसानीचंही मागा. न्हाईतर कोर्टाला म्हणा, मला पैसे नकोत, ठरल्याप्रमाणं घरच द्या. पण मग तुम्ही घ्यायला तयार होता, हे दाखवावं लागतं."

"घरच पाहिजे."

"मग आधी नोटीस देऊ. पण माझं ऐका, त्याआधी एकदा जाऊन बोला. वकिलाचा कागद धाडला की माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात."

"तू नोटीस दे," बाई म्हणाल्या.

नोटिशीत लिहिलेल्या दिवशी बाई रजिस्ट्री कार्यालयात जाऊन बसल्या. पैशांची सगळी तयारी होती, कागद पिशवीत होते. विकणारा आला नाही तरी घेणारी हजर होती, एवढं सिद्ध करायचं होतं. नवी जोडपी पेढे घेऊन येत होती, भाऊ-भाऊ हिश्श्यावरून कुजबुजत होते. सोबत दोन ओळखणारे आणा, असं शिल्पाने बजावलं होतं. या बाई त्याच आहेत, एवढंच त्यांनी सांगायचं. जिने निम्म्या गावाला सुया टोचल्या, तिला 'मी हिला ओळखतो' म्हणणारी दोन माणसं आठवेनात. शेवटी वैजनाथ आला आणि येताना समोरच्या चहावाल्याला घेऊन आला. संध्याकाळपर्यंत माणिकप्पा आले नाहीत. चहावाला बिचारा आपला धंदा सोडून मधूनमधून येऊन बसत होता, त्याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं.

मग दावा लागला. घराबद्दल दावा चालू आहे, कुणी व्यवहार करू नये, अशी जाहीर सूचना शिल्पाने पेपरात दिली. त्यानंतर त्या फाटकाकडे घर बघायला कुणी फिरकलं नाही. बाईही त्या गल्लीने जायचं टाळू लागल्या. रविवारी त्या पांघरूण ओढून उशिरापर्यंत पडून राहत. राग होता तोवर बरं होतं. राग माणसाला सोबत करतो. तो थकला की मग खोलीत आपण एकटेच आहोत हे कळतं.

उन्हाळ्यात रामलिंग पुण्याहून आला. कोर्टकचेरीला नोकरदार माणूस जसा घाबरतो तसा तो घाबरला होता. त्याने बापाचं काही ऐकून न घेता शिल्पाला फोन केला, ठरल्या भावात घर देऊन टाकायची तडजोड ठरवली आणि बापाला रजिस्ट्री कार्यालयात आणून बसवलं. स्वतः झेरॉक्स काढायला गेला. बाकावर माणिकप्पा आणि बाई, मध्ये एका माणसाची जागा. म्हातारा वाळला होता. बंडी चुरगळलेली होती.

बाईंनी आयुष्यभराचा नियम मोडला.

"काका, आडनावामुळं फिरलात का?"

"कुणाच्या आडनावामुळं?"

"माझ्या."

माणिकप्पांना काही उमगेना. "तुझं आडनाव चिठ्ठीत व्हतं की. वाचूनच तर सही केली मी."

"मग का?"

म्हातारा खाली वाकून चपलेचा अंगठा सारखा करू लागला.

"रजिस्ट्री झाली की रविवार बंद झाले असते. घर इकायचं तर मला कधीच नव्हतं. बोर्ड लावला की मानसं येतात. बसतात, घर बघतात, च्या पितात. तुझ्याआधी दोघांशी सौदा मोडला. ते महिना महिना भांडायला यायचे. रोज. मी च्या करायचो, ते पिऊन भांडायचे. मग इसार परत देऊन टाकायचो." त्यांनी मान वर केली. "मला वाटलं, तू बी येशील. लई भांडशील. तुझ्यासाठी येलची आणून ठिवली व्हती. तू आलीच न्हाईस, पोरी. पोस्टमन आला."

बाईंच्या ओठांवर दोन गोष्टी आल्या. एक शिवी, एक हुंदका, दोन्ही एकदम. इतके महिने त्या भलत्याच माणसाशी लढल्या होत्या. आणि हा वेडा म्हातारा फाटकाकडे डोळे लावून बसला होता, त्या येतील आणि आवाज चढवतील म्हणून.

तेवढ्यात आतून नावं पुकारली गेली. तेव्हा थांबता आलं असतं. शिल्पाला सांगून दावा काढून घेता आला असता. बाई उठल्या, तेव्हा तसं म्हणायचं त्यांच्या मनात आलंही होतं. पण सगळ्या गावांतले न आलेले पुतणे डोळ्यांपुढे रांगेत उभे राहिले. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि अंगठा ठेवला. त्यांच्यानंतर माणिकप्पांनी ठेवला.

"काका, रविवारी येत जा," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

"पुण्याहून?" माणिकप्पा हसले. रामलिंगने गाडीचं दार उघडून धरलं होतं.

घरात दर्शनी भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला. वंदना झाली, दवाखान्यातल्या मैत्रिणी आल्या, खीर खाऊन, घर छान आहे म्हणून गेल्या. नंतर ज्याच्या त्याच्या मागे ज्याचं त्याचं. गल्लीतली माणसं वाईट नव्हती, पण ट्यूशनच्या पोरांना खोल्या देऊन त्यांनी आपापली दारं लावून घेतली होती. बाई मोटर दोनदा चालू-बंद करायच्या. पाइप खोकला की उठायच्या. मागच्या दाराला खांदाच लावायच्या. सगळं बरोबर करत होत्या आणि बरोबर केलंस असं म्हणायला कुणी नव्हतं. दारावर 'नाही' म्हणायचा हक्क मिळाला होता खरा, पण तो वापरायला आधी दारावर कुणीतरी यावं लागतं.

अशाच एका रविवारी माळा झाडताना तो पत्र्याचा बोर्ड सापडला. पाण्याच्या पिंपावर झाकण होईल म्हणून बाईंनी तो घासून धुतला आणि वाळायला फाटकाला टेकवून ठेवला. शेंगांची आमटी चुलीवर होती. सवयीने जरा जास्तच झाली होती.

मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. एक तरुण जोडपं फाटकाशी उभं होतं. त्यातल्या पोरीच्या कडेवर लेकरू होतं.

"मावशी, घर द्यायचं हाय का?" त्या तरुणाने विचारलं. "बोर्ड बघून थांबलो."

बाईंना कळायला एक क्षण लागला. मग बोर्ड दिसला. ऊन खाऊन वाळला होता, लाल अक्षरं चांगली उठली होती. 'नाही हो, तो जुना आहे' एवढंच म्हणायचं होतं.

त्यांनी फाटकाची कडी काढली.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "आधी चहा घ्या. घर कुठं पळून जात नाही. साखर किती घालू?"