काहीच्याकाही मंडळींचा दरवाजा

मला भिंती नाहीत. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. तरी मी दरवाजा आहे. आजवर माझ्याआडून दुसरेच बोलत आले. आज मी बोलतो.

शिळफाट्याला साईनाथ सुताराच्या शेडमध्ये मी घडलो. अंगात साग, कडी लोखंडी, वर रंग निळा. तिथून टेंपोत आडवा पडून कुंभिवलीला गेलो. चंदरदादांचं नवं घर होतं, रस्त्याला लागून. चंदरदादा जवळच्या कारखान्यात फिटर होते, त्यामुळे गवंड्याच्या डोक्यावर उभे राहूनच त्यांनी माझी चौकट बसवून घेतली. खाली काँक्रीट ओतायला लावलं.

"घर हललं तरी हा हलायला नाय पायजे," ते म्हणाले.

गवंडी हसला. चंदरदादा हसले नाहीत. ते तसे कमीच हसायचे.

हसायचं काम त्यांच्या लेकीकडे होतं. पौर्णिमा तिचं नाव. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टीव्ही होता, आणि शाळेतून आली की ती त्याच्यासमोर बसायची. कुठल्याशा चॅनेलवर परदेशातल्या चार-पाच जणांची टोळी यायची. एकजण टपाल कचेरीत जाऊन स्वतःच्याच कपाळावर तिकीट चिकटवून घ्यायचा आणि खिडकीतला बाबू शांतपणे त्याचं वजन करायचा. पौर्णिमा हसून हसून जमिनीवर आडवी व्हायची.

"ह्यात हसन्यासारखं काय हाय गं?" चंदरदादा विचारायचे.

"काहीच नाय, बाबा. म्हणून तर."

मला तेव्हा कळलं नाही. पण एक दिसायचं. नवरा-बायकोच्या विनोदावर ती नुसती हसायची. ह्या वेड्यावाकड्या प्रकारावर मात्र हसून झालं की तिचा चेहरा मोकळा व्हायचा, कुणीतरी तिच्या मनातलं बोलून गेल्यासारखा. मोठी माणसं दिवसभर गंभीर तोंडाने काय काय करत असतात, ते तिला दिसत होतं. त्यावर हसायची परवानगी तिला त्या टोळीने दिली.

पुढे ती कर्जतच्या कॉलेजात गेली. तिथे तिला अनुपम भेटला, शिक्षकांचा मुलगा, अंगाने काडी आणि बोलण्यात अतिशय सभ्य. दोघांनी आणखी दोन मित्र गोळा केले आणि चौघं 'काहीच्याकाही मंडळी' नावाने स्किट करू लागली. गॅदरिंगला निम्मे लोक हसायचे, निम्मे एकमेकांकडे बघायचे.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. आमचं घर मापात आलं. सामान शिळफाट्याच्या भाड्याच्या खोलीत गेलं आणि एका सकाळी यंत्र आलं. भिंती पडायला फार वेळ लागला नाही. पत्रे गेले, खिडक्या गेल्या. मी राहिलो. पायाशी ओतलेल्या काँक्रीटने मला धरून ठेवलं होतं. यंत्रवाला जेवायला म्हणून गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही. ढिगाऱ्यात मी एकटा, कडीला कुलूप तसंच.

संध्याकाळी चंदरदादा आले. मागून पौर्णिमा आली होती, पण ती रस्त्यापलीकडेच थांबली. परसातली मोगऱ्याची कुंडी न्यायची राहिली होती. चारी बाजू उघड्या होत्या. कुठूनही जाता आलं असतं. चंदरदादा माझ्यासमोर उभे राहिले, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. कुंडी घेऊन माझ्यातूनच बाहेर आले. मला ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि दोनदा हिसका देऊन पाहिलं, नीट लागलंय ना.

रस्त्याने एक शेजारी चालला होता. "काय चंदरदादा, निगालात?"

"हां. कुलूप लावलं, आता निगतो."

शेजाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चंदरदादा चार पावलं गेले, मग वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पलीकडे पौर्णिमाने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. खांदे हलत होते. आधी ती हसत होती. नंतर काय करत होती ते मला एवढ्या लांबून सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मला चौकटीसकट उपटून खोलीच्या गॅलरीत आडवं ठेवलं. नव्या घराला लावू, असं चंदरदादा म्हणत. नवं घर काही दिसत नव्हतं. पावसाळाभर मी तिथे फुगत पडलो. शेवटी पौर्णिमाने आईला विचारलं. गंगाबाई म्हणाली, "ने. नायतरी रोज माझा पाय आदळतो." कशासाठी नेतेय, ते कुणी चंदरदादांना सांगितलं नाही. साईनाथने मला खाली लाकडी पाय जोडून दिले आणि मी कर्जतच्या एका स्टुडिओत उभा राहिलो. एका मराठी चॅनेलने आपल्या कार्यक्रमात मंडळींना थोडा वेळ दिला होता.

स्किट साधं होतं. एका गृहस्थाचं घर म्हणजे फक्त दरवाजा. पाहुणे बाजूने आले की तो चिडतो, "दारातून या." चोर येतो. दोन्ही बाजूंनी सगळं मोकळं, पण तो कुलपाशीच घाम गाळत बसतो, आतून गृहस्थ त्याला सांगतो, "जरा वर उचलून ढकला, पावसात फुगलाय." अनुपम गृहस्थ झाला होता. कुलूप लावून दोनदा हिसका द्यायचा.

चॅनेलचे देवव्रतसर तालीम बघून डोकं खाजवत म्हणाले, "पण ह्यात पंच कुठे आहे? बायको घाला एखादी, रुसलेली."

"सर, घर नाही," अनुपम नम्रपणे म्हणाला. "रुसून जाणार कुठे?"

स्किट लागलं आणि लोकांनी ते फोनवरून एकमेकांना पाठवलं. खालापूरच्या एसटी स्टँडवर पोरं बसच्या खिडकीतून चढणाऱ्याला ओरडू लागली, "दारातून या." ज्यांची घरं जागच्या जागी होती तेही हसले. सगळं गेलंय आणि तरी आपण कुलूप लावतोय, असं काहीतरी प्रत्येकाचं असावं.

शिळफाट्याच्या टपरीवर कुणीतरी चंदरदादांसमोर फोन धरला. त्यांनी आधी मला ओळखलं, मग तो हिसका.

त्या दिवशी घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. पौर्णिमाने अनुपमला सांगितलं तेव्हा मी जवळ उभा होतो. "बाबा एवढंच बोलले," ती म्हणाली. "'मी लोकांना हसवायला कुलूप नव्हतं लावलं.' नंतर पाणीसुद्धा माझ्या हातून घेतलं नाही."

"मग?"

"हे स्किट बंद."

पुढच्या आठवड्यात प्रेक्षक बोलावून मोठा कार्यक्रम होता, आणि चॅनेलला त्यात मीच हवा होतो. अनुपमने माझी कडी लावून टाकली. मग म्हणाला, "बाबा तुझे आहेत. तू ठरव. देवव्रतसरांना मी सांगतो."

कार्यक्रमाच्या दिवशी मला पडद्यामागे भिंतीला टेकवून ठेवलं. खरी भिंत, पण माझी नव्हे. बाहेर लोक येऊन बसू लागले होते. इतक्यात गंगाबाईचा आवाज आला, "आवं, हिकडं. असं चोरावानी काय येता?"

तिने चंदरदादांना ओढत आणलं होतं. ते माझ्यासमोर थांबले, हात फिरवला, पाय जोडलेत ते वाकून पाहिलं. पौर्णिमा धावत आली आणि दोन पावलांवर थांबली.

"तुझी आई हसली म्हने हे बघून," ते म्हणाले.

"हसले मंग," गंगाबाई म्हणाली. "घर गेल्यावर पयल्यांदा हसले. मला वाटायचं, आपलंच डोकं फिरलंय. मी अजून सपनात जुन्या मोरीवर भांडी घासते. टीव्हीवर बघितलं आन् वाटलं, आपन एकटं नाय."

चंदरदादांनी कडी वर-खाली केली. "तो पोरगा दोनदा वढतो. मंग मागं वळून बघत नाय. मी बघितलं हुतं."

"माहीत आहे, बाबा. मी होते तिथे."

"मंग का नाय घातलं?"

"ते हसण्यासारखं नव्हतं."

"तेच घाल," चंदरदादा म्हणाले आणि प्रेक्षकांत जाऊन बसले.

मला उचलून मध्यभागी नेलं. पाहुणे आले, चोर आला, लोक हसत होते. मग अनुपमने कुलूप लावलं, दोनदा ओढलं, चार पावलं गेला आणि वळून पाहिलं. सभागृह गप्प झालं. त्या शांततेत पौर्णिमा पाहुणी होऊन आली आणि तिने माझ्यावर बोटांनी ठोकलं. "घरात कोणी आहे का?"

स्किटमध्ये यावर उत्तर नव्हतं. ती नुसती वाट बघणार होती.

"हाय, हाय. आलो," चंदरदादा म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

इतकी वर्षं त्या लाकडावरची थाप ऐकली की ते उठायचे. पाय उठले, तोंड बोललं, मग त्यांना कळलं आपण कुठे आहोत. ते तसेच अर्धवट उभे राहिले. पौर्णिमाने माझ्या कडेने त्यांच्याकडे पाहिलं. आणि चंदरदादा हसले. आधी पोट हललं, मग आवाज आला. मग सगळं सभागृह हसलं, आणि पौर्णिमाला पुढचं वाक्य काही केल्या म्हणता येईना.

चॅनेलचा तो कार्यक्रम नंतर बंद पडला. देवव्रतसरांना शेवटपर्यंत पंच सापडला नाही, पण निरोपाला ते माझ्यातूनच बाहेर गेले. आता मंडळी गावोगावच्या शाळांत, समाजमंदिरांत, मोकळ्या मैदानात खेळ करतात. मी टेंपोत असतो. सोबत चंदरदादा असतात, बिजागऱ्यांना तेल घालायला आणि "हाय, आलो" म्हणायला. माझा निळा रंग पोपडे धरून उडतोय, एक पाय हलतो. कुणी विचारलं तर सांगेन, मला कुठल्या संग्रहालयात ठेवू नका. वापरा. आणि ही मंडळी तुमच्या गावात आली, काही कळलं नाही, तरी थोडा वेळ बसा.

मागच्या महिन्यात एका गावात खेळ केला. तिथल्या पाडायच्या घरांवर लाल रंगाने नुकत्याच खुणा केल्या होत्या. खेळ संपल्यावर सोमी नावाची एक म्हातारी काठी टेकत माझ्यासमोर आली आणि मला वरखाली न्याहाळून चंदरदादांना म्हणाली, "आत कुठल्या अंगाला रं, दादा?"

"तुमी उभ्या हाय ना आजी, तिथं आत."

तिने जरा विचार केला. मग काठी पुढे टाकून उंबरा ओलांडून ती माझ्यातून पलीकडे गेली आणि वळली.

"आन् आता?"

"आता तिथं," चंदरदादा म्हणाले.