मानपुरच्या टेकडीवरची वही

सरोजिनीला त्या रविवारी दोनच कामं करायची होती. सगळ्यांच्या आधी टेकडी चढायची आणि वहीतलं एक पान फाडायचं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिलं काम अवघड होतं आणि दुसरं नियमात बसत नव्हतं.

नियम देवेंद्रजींचे होते. त्यांनी एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती, त्यामुळे शिक्क्याशिवायचा कागद दिसला की त्यांना अजूनही बरं वाटत नसे. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, जे वाचलं त्यावर आपला शिक्का मारायचा. लेटरबॉक्सिंगचं खूळ मात्र दोघांच्या मैत्रिणीचं, शशिकलाचं. तिची भाची रुची विलायतेत शिकायला गेली, तिथे लोक डोंगरात डबी लपवतात, आत एक वही आणि एक रबरी शिक्का ठेवतात आणि शोधायच्या खुणा कागदावर लिहून देतात. ज्याला डबी सापडेल त्याने आतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का आतल्या वहीत. बक्षीस वगैरे काही नाही. एवढ्यासाठी इंदूरमध्ये कोणी रविवारचे पोहे सोडून उठलं नसतं, पण शशिकला रेल्वेत बुकिंग क्लार्क होती. माणसांना रांगेत उभं करायची तिला सवय होती. गेल्या आठ वर्षांत तिने या दोघांना महू-मानपुरकडची एकही टेकडी सोडू दिली नव्हती.

तिघांनी खोडरबर कोरून आपापले शिक्के केले होते. शशिकलाची किटली. सरोजिनीची चिमणी. सरोजिनी शाळेत चित्रकला शिकवायची, तरी सगळे त्या चिमणीला बटाटा म्हणत. देवेंद्रजींनी गोल काढून त्यात ‘प्राप्त’ असं कोरलं होतं.

आणि आता शशिकला बुधवारी पुण्याला मुलाकडे निघाली होती, कायमची. ही बातमी सरोजिनीला फोनवर मिळाली होती. “तुझ्याकडे माझा लाडवांचा डबा आहे, तो आठवणीने दे. आणि हो, परदेशीपुऱ्याचं घर विकलं.” याच क्रमाने. शशिकलाच्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर तिचं नाव कोरलेलं असे, आणि कुठला डबा कोणाकडे गेलाय हे तिला तोंडपाठ असे. आठ दिवसांच्या वर तिचा डबा कोणाकडे राहिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आठवणीचा पहिला फोन पाचव्या दिवशीच यायचा.

सरोजिनीने डबा परत केला, नेमाने चिवडा भरून. मग दुसऱ्या दिवशी एकटीच बसने मानपुरला गेली, तिघांनी लपवलेल्या पहिल्यावहिल्या डबीपाशी. तिथे दगडावर बसून तिने रागारागाने पाव किलो लौंगची शेव संपवली आणि वहीत लिहिलं: “शशिकलाने आठ वर्षं आम्हाला डोंगर चढवले आणि आता स्वतः लिफ्टच्या घरात चालली. विचारलंसुद्धा नाही. मी तिच्याशी बोलणार नाही. ती गेली की इथे पुन्हा पाऊल टाकणार नाही.” शिक्का मारला नाही. जुन्या डबीचं झाकण तडकलेलं दिसलं म्हणून तिने वही आणि शिक्का शेवच्या रिकाम्या बरनीत घातले. बरनी रुमालाने पुसून घेतली होती.

राग दोन दिवसांत उतरला. पान मात्र तिथेच होतं. आणि शशिकलाने जाहीर केलं की तिची शेवटची सहल पहिल्या डबीकडेच होणार.

“त्यापेक्षा चोरलला जाऊ ना,” गाडीत सरोजिनी म्हणाली. “मानपुर तर किती वेळा झालं.”

“म्हणूनच,” शशिकला म्हणाली.

“वरती आता गवत केवढं असेल. साप-बिप असतात.”

“सरोजिनीताई, नोव्हेंबर चालू आहे,” गाडी चालवत देवेंद्रजी म्हणाले. “साप पण खामखा कुठे फिरत नाहीत.”

पायथ्याशी तिघांनी पुरी-भाजी खाल्ली. पूर्वी सरोजिनी पहिल्या चढालाच बसायला जागा शोधायची. आज ती डबा बंद व्हायच्या आत उठली आणि तरातरा निघाली. पळसाच्या तीन झाडांपर्यंत ती पुढे होती. तिथून उजवीकडे चाळीस पावलं, असं खुणेच्या कागदावर लिहिलं होतं. पण ती पावलं शशिकलाची होती आणि शशिकला ढांगा टाकून चालायची. सरोजिनीने घाईघाईत आपली चाळीस मोजली आणि भलत्याच दगडामागे हात घातला. तिथे गोगलगाय होती. तेवढ्यात बाकीचे दोघं पोचले.

“ताईंना आज झालंय काय?” देवेंद्रजींनी धापा टाकत विचारलं. “मतलब, गुडघे बदलले की काय?”

शशिकला सरळ पुढे गेली आणि थांबली. खऱ्या दगडामागची कपार रिकामी होती. पलीकडच्या खडकावर एक काळ्या तोंडाचं वानर बसलं होतं आणि बरनीचं लाल झाकण मन लावून चाटत होतं. खाली उतारभर कागद पसरले होते.

“ओ भिया,” देवेंद्रजी वानराला म्हणाले, “झाकण तर दे.”

वानराने विचार केला आणि झाकण घेऊन ते झाडावर गेलं.

देवेंद्रजींनी फुटलेली बरनी उचलून हुंगली; शिक्का तेवढा तळाशी शाबूत होता. “शेव! वही शेवच्या बरनीत कोणी ठेवली? वानराला निमंत्रणच की हे.”

“मी,” सरोजिनी म्हणाली. एवढं कबूल करणं सोपं होतं.

तिघं वाकून कागद वेचू लागले. सरोजिनीला आठ वर्षांतली सगळी पानं सापडत होती. किटली, बटाटा, प्राप्त. पावसाळ्यातली, उन्हाळ्यातली, देवेंद्रजींची पत्नी वारली त्या वर्षीचं एक, ज्यावर फक्त तीन शिक्के होते आणि शब्द एकही नव्हता. नको असलेलं प्रत्येक पान मिळालं. हवं होतं ते मिळेना. ते वानराने खाल्लं असावं अशी तिने मनापासून इच्छा केली आणि मान वर केली.

शशिकला पळसाखाली उभी राहून, चष्मा कपाळावर सरकवून वाचत होती. पान नाकाशी धरलेलं. चार ओळींना फार वेळ लागला. टेकडीवरून खाली पळत सुटावं असं सरोजिनीला वाटलं, पण गुडघे बदललेले नव्हते.

शशिकलाने पिशवीतून शिक्का आणि शाईचं पॅड काढलं. पान दगडावर ठेवलं आणि कोपऱ्यात किटली उमटवली.

“देवेंद्रजी,” ती म्हणाली, “याच्यावर लिहिणाऱ्याचा शिक्का नाहीये. चालतं का?”

“बिल्कुल नाही. निनावी कागद आपण घेत नाही.” त्यांनी पान पाहायला हात पुढे केला, तो शशिकलाने बाजूला सारला आणि पॅड सरोजिनीसमोर धरलं.

सरोजिनीने आपली चिमणी बाहेर काढली. घाईत ठसा दोनदा उमटला.

“बोलणार नाही म्हणून लिहिलंयस,” शशिकला म्हणाली. “आणि सकाळी सातपासून नुसती बडबड करतीयेस.”

“तू गेलेली मला नकोय,” सरोजिनी म्हणाली. मोठ्याने म्हणाली. देवेंद्रजी वानराकडे बघू लागले.

“मला तरी कुठे जायचंय ग? विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग मी थांबले असते. म्हणून नाही विचारलं.” शशिकलाने चष्मा खाली ओढला. “जाणं तर भाग आहे.”

देवेंद्रजींनी तेवढ्यात पानं तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधली. मग अडचण मांडली की वही आता ठेवायची कशात.

शशिकलाने आपला पुरीचा डबा काढला. बाटलीतल्या पाण्याने दोनदा विसळला, पदराने कोरडा केला, स्वतः हुंगला, देवेंद्रजींना हुंगायला लावला. मग वही आणि जुना शिक्का आत ठेवून कड्या लावल्या. डब्याच्या पोटावर कोरलेलं होतं: सौ. शशिकला, १९८७.

“हा इथे ठेवणार?” सरोजिनीने विचारलं. “तू?”

“ठेवणार नाही तर काय. पुढच्या दिवाळीला येऊन घेऊन जाईन.” तिने डबा सरोजिनीच्या हातात दिला. “तोवर दर महिन्याला येऊन लिहायचं. रिकामा डबा मी परत घेत नाही, माहीत आहे ना?”

सरोजिनीला माहीत होतं. तिने डबा कपारीत आतपर्यंत सरकवला आणि पुढे जड दगड लावला. वानराचा भरवसा नव्हता, म्हणून त्यावर आणखी एक लावला.

“पाचव्या दिवशी फोन करशील?” तिने विचारलं.

“चौथ्या,” शशिकला म्हणाली.