लाल गाडीची खोड

“चाचा, पहिले सीट देखा. तुम्हनाच हातनी शे ना?”

असं म्हणत अमृतनं गाडीवरची ताडपत्री ओढली आणि शेडमध्ये एवढी धूळ उडाली की करणसिंग खोकतच बाहेर पळाला. शब्बीर जागचा हलला नाही. धूळ खाली बसेपर्यंत तो गाडीकडे बघत राहिला.

लाल रंगाची, दोन दारांची, उघड्या टपाची विलायती एमजी. माणसं दोनच बसणार, तिसऱ्यानं चालत यावं. धुळ्याच्या एका वकिलाकडून अमृतच्या वडिलांनी, रूपचंदभाईंनी, केळीच्या पैशात ती घेतली तेव्हा तापीकाठचं हे सगळं गाव पोट धरून हसलं होतं. चाऱ्याची पेंढी ठेवायला जागा नाही, ही कसली गाडी म्हणायची! पण सारंगखेड्याच्या यात्रेत रूपचंदभाई ती घेऊन शिरले की घोडे बघायला आलेली माणसं घोडे सोडून गाडीमागे चालत. त्या माणसांत विसरवाडीचा शाळकरी करणसिंगही असायचा. आता हायवेवर त्याचं मोठं हॉटेल होतं, डोक्याला टक्कल पडलं होतं, आणि लाल गाडी काही डोक्यातून गेली नव्हती.

शब्बीरनं सीटवरून हात फिरवला. टाके अजून घट्ट होते. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांची खोगिरं शिवली जायची. पुढे घोडे कमी झाले तसा त्यानं नंदुरबारला जीपगाड्यांचे हूड आणि सीटा शिवायचा धंदा धरला. धडगावच्या घाटात धावणाऱ्या किती जीपा त्याच्या शिलाईखाली गेल्या, त्याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. आता गाड्या कंपनीतूनच सजून येतात. महिन्यातून एखादं काम आलं तरी त्याची बायको नईमा म्हणायची, चला, अल्लानं याद ठेवलं.

“बोला शब्बीरभाई,” करणसिंग आत येऊन अमृतकडे बोट करत म्हणाला. “नऊ लाख सांगी ऱ्हायना हाऊ. लेवू का?”

शब्बीर सीटची शिवण चाचपत राहिला.

त्याला इथं आणलं होतं ते एवढ्याचसाठी. या गाडीला हात लावलेला मिस्तरी कधीच अल्लाला प्यारा झाला होता आणि हल्लीच्या पोरांनी असली गाडी पाहिलेली नव्हती. तिला आतून-बाहेरून ओळखणारा जिवंत माणूस म्हणजे एकटा शब्बीर. येताना रनाळे गाव मागं पडलं तेव्हाच करणसिंगनं गाडी चालवता चालवता मन मोकळं केलं होतं. “सुरतले दोन-तीन जणस्ले इचारं मी. मूळ इंजिन व्हयी तं नऊ बी सस्ता. बदलेल व्हयी तं पाचना वर रुपया बी देऊ नको म्हनतस. अमृत सांगस, समदं मूळनं शे. मी तं तुम्हना शबदवर चाली ऱ्हायनू.”

शब्बीरला मात्र खरं ठाऊक होतं. इंजिन मूळचं नव्हतं. तापीला मोठा पूर आला त्या वर्षी पाणी या शेडमध्ये छातीएवढं चढलं आणि इंजिन कायमचं जाम झालं. नंदुरबारच्या मिस्तरीनं भंगारातल्या फियाटचं इंजिन काढून यात बसवलं. भिजलेल्या सीटा शब्बीर याच अंगणात बसून नव्यानं शिवत होता. रूपचंदभाईंनी ही गोष्ट कुणापासून चोरून ठेवली नव्हती. विचारणारंच कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

अमृत खरं सांगेल, आपण कशाला मध्ये पडायचं, असं त्यानं वाटेत स्वतःला समजावलं होतं. पण करणसिंग चाकं बघायला वाकला तशी अमृतनं शब्बीरला गोठ्याच्या आडोशाला ओढलं.

“चाचा, इंजिननं काही बोलू नका.”

“अमृत...”

“बापूलेच सुरतले लई जानं शे. तठे डागदर शे, हातपायले कसरत करावनारा शेतस. मी काय मौज करासाठे मांगी ऱ्हायनू? त्यास्नाचसाठे शे ना!” अमृतनं शब्बीरचा दंड धरला. “तुम्ही तं घरना मानूस. तुम्हनी रोटी बी याच घरमा व्हती ना?”

होती. खोटं कसं म्हणावं? यात्रेच्या दिवसांत शब्बीरचे अब्बा आणि तो याच ओट्यावर जेवलेले. आणि अमृतही वाईट पोरगा नव्हता. सुरतच्या मार्केटमध्ये नोकरी करून घर चालवत होता. त्याच्या डोळ्यांत बापाची काळजी होती, ती काही नाटक नव्हती. म्हणूनच शब्बीरला जास्त अवघड झालं. समोर लबाड माणूस असता तर त्यानं दोन शब्द सुनावले असते आणि मोकळा झाला असता.

“काय भो, दोन्ही गायब?” करणसिंगनं हाक मारली.

शब्बीर परत आला, रुमालानं मान पुसली आणि पळवाट काढली. “करणदादा, मी खोगीर शिवनारा मानूस. सीटनं सांगसू. भाव मालकना तोंडना ऱ्हास. मालकले इचारू.”

“बापू बोलत नहीत, चाचा,” अमृत म्हणाला. गेल्या दिवाळीच्या तोंडावर रूपचंदभाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरचे त्यांच्याशी मोठ्यानं बोलत, आणि त्यांच्याविषयी त्यांच्यासमोरच बोलत.

“बोलत नही तं काय व्हयनं? रुमाल तं शे!” शब्बीर म्हणाला.

करणसिंगला ही कल्पना भारीच आवडली. घोड्यांच्या बाजारातला सौदा असाच व्हायचा. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव कळायचा दोघांनाच, आणि कमी-जास्त झालं तरी कुणाची चारचौघांत शोभा व्हायची नाही.

ओट्यावर खाटेवर रूपचंदभाई उशांना टेकून बसले होते. दाढी नीट केलेली, धोतर पांढरंशुभ्र. सून कोकिळा त्यांची फार निगुतीनं देखभाल करायची. शब्बीरला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा तसाच राहिला.

“रूपचंदभाई, गाडीना सौदा शे,” तो जवळ बसत म्हणाला. रिवाजाप्रमाणे त्यानं त्यांचा उजवा हात हातात घेतला, वर आपला चौकड्याचा रुमाल टाकला आणि त्या थंड हातात आपली बोटं दिली. आधी पाच. मग चार. हात पडून होता. त्या हातानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि शब्बीरनं तेवढ्यावरच भागवून घेतलं.

“नऊ,” तो उठत म्हणाला. “मंजूर.”

अमृतनं सुटकेचा श्वास सोडला. करणसिंग तर लहान पोरासारखा हसायला लागला. “लई या किल्ली! आजच चालाई लई जास.”

अमृत आत जाऊन हात हलवत परत आला. “खुंटीवर किल्ली नही.”

“ती खुंटीवर नसते,” कोकिळा हळूच म्हणाली. “बापूजींजवळ असते. आजारी पडल्यापासून हातातून सोडत नाहीत. झोपल्यावर मी काढून उशाशी ठेवते, सकाळी पुन्हा खूण करून मागून घेतात.”

सगळ्यांनी पाहिलं. रूपचंदभाईंचा डावा हात मांडीपाशी होता आणि त्याची मूठ आवळलेली होती. इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तो हात केव्हापासून तसाच होता, आणि शब्बीरनं तिकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

“बापू, सोडा बरं,” अमृत वाकला आणि एकेक बोट उकलायला लागला. रूपचंदभाईंच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. त्यांचे डोळे अमृतकडे नव्हते. ते शब्बीरकडे लागले होते.

त्या डोळ्यांनी शब्बीरला सारंगखेड्यात नेऊन उभं केलं. अब्बांच्या पालासमोर रूपचंदभाई एक देखणी घोडी विकत होते. गिऱ्हाईक पक्कं झालेलं, आणि यांनी आपण होऊन सांगितलं की ही रात्री लाथ मारते. गिऱ्हाईक निघून गेलं. दर यात्रेला यांचं हेच, आधी खोड सांगायची आणि मग भाव. अब्बा खोगीर शिवता शिवता ओरडले होते, “रूपचंद, तू येडा शे का?” त्यावर हा माणूस शांतपणे म्हणाला होता, “जनावरले बोलता येत नही, रहीमभाई. म्हनीसन आपलेच बोलनं पडस.”

शब्बीरचे कान तापले. लाज वाटली त्याला, या वयात अशी वाटायला नको होती इतकी.

“अमृत, हात सोड त्यास्ना.”

“चाचा?”

“सौदा व्हयना नही. मी खोटा हात धरा.”

“काय बोली ऱ्हायनात तुम्ही?” करणसिंगचं हसू मावळलं.

शब्बीर खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. त्यानं ती मूठ आपल्या हातात घेतली आणि वर रुमाल टाकला. मुठीवर पाच बोटं टेकवली, मग चार. मूठ मिटलेलीच राहिली. पुन्हा तसंच केलं. मूठ हलली नाही. मग त्यानं आकडा सांगायचं सोडलं आणि आपला पंजा नुसता उघडा ठेवला.

बऱ्याच वेळानं मूठ सैल झाली. किल्ली शब्बीरच्या तळव्याला लागली, आणि तिच्यासकट रूपचंदभाईंनी त्याची पाचही बोटं धरली. घट्ट धरली. त्या हातात अजून ताकद होती.

पाच झाले. आता चार यायला हवे होते. शब्बीर वाट बघत राहिला. चार आले नाहीत. त्यानं स्वतःच चार बोटं पुढे केली तर म्हाताऱ्यानं ती झटकली आणि पुन्हा पाच धरली. मग किल्ली आपल्याकडे ओढून घेत त्यांनी शब्बीरचा हात रुमालाबाहेर ढकलून दिला. बाजारात असा हात ढकलला म्हणजे बोलणं संपलं.

शब्बीरला रडूच आलं. नऊ महिने ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्या माणसानं सगळं ऐकलं होतं. गोठ्याच्या आडोशाचंही त्यानं ओळखलं असेल.

“पाच,” तो म्हणाला.

“पाच काय?” अमृत ओरडला. “चाचा, त्यास्ले आते कळत नही हो! चार लाख कसा सोडी ऱ्हायनात तुम्ही?”

“कळस, बेटा. आपलापेक्षा जास्त कळस.” शब्बीर करणसिंगकडे वळला. “करणदादा, गाडीमा खोड शे. इंजिन हाई गाडीनं नही. पूरमा मूळनं इंजिन गयं, मंग फियाटनं बसाडं. माले माहित व्हतं, तरी मी गप बठनू. रूपचंदभाईले आते बोलता येत नही. म्हनीसन माले बोलनं पडस.”

अमृत मटकन ओट्याच्या पायरीवर बसला. मान खाली घालून तो पायाशी बघत राहिला. कोकिळा पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी होती. रूपचंदभाईंनी मुलाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पण त्या पाहण्यात राग नव्हता. उलट त्यांना त्याची कीव येत असावी, असं शब्बीरला वाटलं.

करणसिंग चिडला होता. ते दिसतच होतं. तो अंगणात दोन फेऱ्या मारून आला, शेडच्या दारातून गाडी पुन्हा बघितली, आणि मग शब्बीरला म्हणाला, “तुम्हनावर भरवसा ठेईसन उनू मी.”

“बरोबर शे,” शब्बीर म्हणाला. आणखी काय म्हणणार? हॉटेलच्या सगळ्या खुर्च्यांच्या गाद्या करणसिंग त्याच्याकडूनच करून घेणार होता. ते काम आता गेलं, हे त्यानं मनाशी धरलं.

करणसिंग खाटेसमोर येऊन उभा राहिला. म्हाताऱ्याचा ताठ कणा, पांढरंशुभ्र धोतर, डाव्या मुठीतली किल्ली. करणसिंगचा आवाज खाली आला.

“रूपचंदकाका, नान्हपने तुम्हनी गाडीमांगे पळेल शे मी. पाच मंजूर.” त्यानं किल्लीसाठी उजवा हात पुढे केला.

रूपचंदभाईंचा डावा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग करणसिंगच्या हाताकडे. घोडा विकला की त्याची दोरी मालकानं घेणाऱ्याच्या हातात उजव्या हातानं द्यायची असते. डाव्या हातानं दिलेल्या जनावराला बरकत नसते, असं या माणसानं जन्मभर पाळलं होतं.

त्यांनी उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवला. त्याच्या तळव्यावर किल्ली ठेवली. बोटं मिटेनात म्हणून ती निसटून खाटेवर पडली. त्यांनी ती चाचपून उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. कोकिळा मदतीला पुढे झाली.

“ऱ्हाऊ दे, बेटा,” शब्बीर म्हणाला.

मग रूपचंदभाईंनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट खालून धरलं आणि तो निर्जीव हात किल्लीसकट हळूहळू वर उचलला. कपाळावर घाम आला होता. तरी तो हात करणसिंगच्या समोर येऊन थांबला.

करणसिंगनं आपले दोन्ही हात पुढे केले.