निळ्या पिंपातलं आगळ

"जीभ मेली का काय माझी. साखर लागत नाय, मीठ लागत नाय, गळ्याखाली उतरलं की नुसतं चरचरतं," रंगूबाई हातातल्या पळीलाच सांगावं तशी पुटपुटली.

माहरुख हातभर अंतरावर बाटल्यांना झाकणं लावत बसली होती. तिला ऐकू आलं. तिने हातातलं झाकण जरा जास्तच आवळलं.

"काय म्हणालीस?"

"काय नाय गो. बरं झालंय म्हटलं."

"रोजे संपेपर्यंत तुझी जीभ तीच माझी. नीट चाखून सांग."

"सांगितलं ना, बरं झालंय." रंगूबाईने पळी पाण्यात बुचकळली आणि पदराने ओठ पुसले. ओठांच्या कोपऱ्यांत अलीकडे चिरा पडल्या होत्या. उन्हाच्या, असं दोघींनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

उद्या सकाळी टेम्पो येणार होता. परवा वीस मार्च. महाडात चवदार तळ्यावर त्या दिवशी कुठून कुठून माणसं येतात, आणि उन्हातून चालत येणाऱ्यांसाठी मंडळं मांडव घालतात. त्यातल्या एका मंडळाने कोकम सरबताचं सगळं काम माहरुखला दिलं होतं. एवढी मोठी ऑर्डर तिला आजवर मिळाली नव्हती. ही नीट पार पडली तर मुंबईचा एक दुकानदार वर्षभर माल उचलायला तयार होता. मग पडवीतला उद्योग शेडमध्ये गेला असता. रंगूबाईच्या वाडीचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखाली सडायचे राहिले असते.

तो उद्योगही काही सुखासुखी उभा राहिला नव्हता. नवरा दिलावर कुवेतला गाडी चालवायचा, त्याच्या फोनवर संसार चालायचा. माहरुखने आधी पापड केले, त्यांना बुरशी धरली. मग मसाले केले, ते दोन हजार एकवीसच्या पुराने भांड्यांसकट नेले. शेजारणी म्हणाल्या, आता तरी गप घरात बस. ती बसली, पण रातांबे फोडत बसली. रातांबे आणायची रंगूबाई, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून, मिनीडोर रिक्षात पोती मांडीवर घेऊन. तिचे मुलगे मुंबईत होते आणि आईला फोन करायला त्यांना सणच लागायचा. दोघी भागीदार झाल्या. बाटलीवरच्या कागदावर माहरुखने दोघींची नावं छापली, तेव्हा रंगूबाईने तो कागद वाडीतल्या घरोघरी नेऊन दाखवला होता.

अडलं ते भांड्यांवर. आगळ म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, आंबट जहाल. तो मुरवायला चिनी मातीच्या बरण्या हव्यात, आणि एवढ्या बरण्या आणणार कुठून? तेव्हा माहरुखला ती युक्ती सुचली. धाकटा दीर मुसैब औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. कारखान्यांची रिकामी निळी पिंपं भंगारात निघायची, आणि आजूबाजूच्या गावांत किती तरी घरी त्यांत पाणी साठवलेलं असायचं. पाणी चालतं, तर आगळ का नको? मुसैबने पिंपं आणली. तिने ती उकळत्या पाण्याने, सोड्याने, चिंचेने धुतली, गच्चीवर उन्हात पालथी घातली. वर चिकटवलेला कागद काथ्याने घासून काढला, तोही वाचायच्या आधी. आत काय होतं ते तिने मुसैबला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तेव्हा दोघांनाही ते सोयीचं पडलं.

महाडला उद्योजिका शिबिर झालं. तिथल्या मॅडमनी फळ्यावर चिकाटी, प्रगती आणि वेगळा विचार असं लिहिलं आणि 'वेगळा विचार' या शब्दांपुढे माहरुखचं नाव घातलं. टाकाऊतून टिकाऊ, असं म्हणत टाळ्या झाल्या, शाल मिळाली. कधी थांबायचं हा धडा बहुधा दुसऱ्या दिवशी असावा. शिबिर एका दिवसाचंच होतं.

थंडी सरता सरता वास यायला लागला. आगळाच्या आंबट वासाखाली दुसरा एक वास होता, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. पण इथल्या माणसाला वासाचं काय नवल. कारखान्यांकडून वारा आला की लोक बोलता बोलता उठून खिडकी लावतात आणि बोलणं पुढे चालू ठेवतात.

"वारा फिरलाय," माहरुख म्हणाली.

"फिरलाय," रंगूबाई म्हणाली.

मग तो रोजच फिरायला लागला.

रोजा सुटल्यावर माहरुख स्वतः चाखू शकली असती. तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. पण तेव्हा खजूर, मग पाणी, मग नमाज, मग थकवा. रोज काहीतरी आड यायचं, आणि ते आड यावं म्हणून तीच त्याला हाक मारायची.

आज दुपारी रंगूबाईच्या हातून पातेलं कलंडलं. साखर घातलेलं सरबत फरशीवरून वाहत भिंतीकडे गेलं. तिथे मुंग्यांची रांग होती. रांग सरबतापाशी आली, थबकली, वळली आणि भिंतीवर चढून गेली. दोघी बघत राहिल्या.

"त्यांचाबी रोजा असंल," रंगूबाई म्हणाली.

माहरुख हसली. रंगूबाईही हसली. ते हसू फार वेळ टिकलं नाही. बाहेर नारळाची एक झावळी हलत नव्हती. आज वारा अजिबात नव्हता, आणि पडवीत उभं राहवत नव्हतं.

मावळतीला मुसैब पाळीवरून आला. दारात रचलेले खोके बघून तो बाजूने, भिंतीला घासत आत शिरला.

"सकाळी हे टेम्पोत तू चढव रे," माहरुख म्हणाली.

"भाभी, उद्या माझी पाळी बदललीय."

"बरं. आज सरबताने रोजा सोडू या. बस."

"मला नको. घसा धरलाय."

"तुझा घसा माझ्याच घरी बरा धरतो."

मुसैब दारापाशीच बसला. माहरुखने त्याच्यापुढे ग्लास ठेवला, स्वतःपुढे एक ठेवला. आपल्या हातचं आपणच प्यालो की विषय संपेल, असं तिने दुपारपासून मनाशी घोकलं होतं. सरबताचा रंग सुरेख होता. त्या रंगाला कधीच काही झालं नव्हतं.

"रंगूबाई, तुझी मिनीडोर गेली असेल."

"जाऊ दे."

अजान झाली. माहरुखने खजूर तोंडात टाकला, बी काढून बाजूला ठेवली आणि ग्लास उचलला. तो ओठांशी पोचायच्या आत रंगूबाईने त्यावर तळवा ठेवला. तळवा जुना, खरखरीत, रातांब्यांनी कायमचा तांबडा झालेला.

"सोड गो. दिवसभराची तहान आहे."

"खजूर खाल्लास, रोजा सुटला. आता पाणी पी."

"परवा एवढी माणसं पिणार आहेत, मी एक ग्लास प्याले तर..."

वाक्य अर्ध्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली. मुसैब उठून उभा राहिला, पण बाहेर गेला नाही.

"तुझ्या वाडीचं सगळं वर्ष आहे त्यात, रंगूबाई," ती हळू म्हणाली.

"हाय. पिंप तुझ्या दिरानं आणलं, रातांबे मी आणले, मीठ तू घातलंस. आन् चाखत बसले मी एकटी."

"मग इतके दिवस बरं झालंय, बरं झालंय का म्हणत होतीस?"

"तुला तेच ऐकायचं व्हतं. मलाबी तेच बोलायचं व्हतं." रंगूबाईने ग्लास तिच्या हातातून काढून घेतला आणि लांब सरकवला. "वारा-बिरा काय नाय माहरुख. पिंपातलंच हाय. इख हाय ह्यात. मला म्हैन्याभरापासनं ठावं हाय, आन् तुलाबी."