पिझ्झ्याच्या खोक्याची पाठ

रविवारी सकाळी भांडण पेटलं ते फ्रीजरच्या दारावरून. दार लागेचना!

"अहो, मटाराची एवढीशी पिशवी ठेवायला जागा नाही. अकरा खोकी आहेत आत, अकरा!" काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"खोकी म्हणू नकोस. औषध आहे ते माझं," काका शांतपणे म्हणाले आणि ढोपरानं दार ढकलून बंद केलं.

काका म्हणजे नऊ नंबरच्या बसचे ड्रायव्हर. बावीस वर्षं तोच मार्ग आणि एकदाही कुणाला साधा धक्का नाही! म्हणून डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत सगळे त्यांना नऊनंबरकाका म्हणत. पण महिन्यापूर्वी ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी झाली आणि काकांचं बीपी निघालं एकशे छप्पन्न-अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणून बजावलं आणि वर सांगितलं, "सहा आठवड्यांनी पुन्हा मोजू. उतरलं नाही तर गाडी बंद. डेपोत टेबलावर बसायचं."

टेबलावर! ज्या टेबलाला स्टेअरिंग नाही, त्याच्यामागे काका बसणार? पाण्याबाहेर काढलेला मासासुद्धा जास्त सुखी असेल.

त्याच संध्याकाळी दुकानात त्यांना गोठवलेल्या पिझ्झ्याचं ते खोकं दिसलं. हिरवंगार, वर टवटवीत पान, आणि हाताएवढ्या अक्षरांत 'ग्लुटेन-फ्री'. ग्लुटेन म्हणजे काय हे काकांना ठाऊक नव्हतं. पण जे काढून टाकल्याची एवढी दवंडी पिटतात, ते विषच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग काय! ब्राऊन ब्रेड बंद, डाळीचं सूप बंद, भाज्या बंद. दुपारी एक पिझ्झा, रात्री एक पिझ्झा.

"बाबा, पिझ्झा खाऊन बारीक झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही," त्यांची लेक भिंगरी म्हणाली. दहावीत होती आणि जिभेला हाड नव्हतं.

"मग आता बघशील," काका म्हणाले.

सोमवारी डेपोतल्या नर्सबाईंनी सहज म्हणून बीपी मोजलं. एकशे साठ-शंभर. काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. दोनच आठवडे उरले होते!

दुपारी ते जेवणाच्या खोलीत आले आणि तडक कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. तिथे पानाताई एकट्या जेवत बसल्या होत्या. पानाताई म्हणजे डेपोच्या मेकॅनिक. खिशात कायम पाना, म्हणून हे नाव. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारी बाई! पण त्या डबा आपला, ताट आपलं, चमचासुद्धा आपला वापरत; डब्यावर 'ग्लुटेन-फ्री' अशी चिठ्ठी. कुणाचा वाढदिवस असो, केकला हात लावत नसत. सगळे हसत आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत ते काका: "काय पानाताई, आज कोणता नखरा?"

आज मात्र काकांनी रिकामं खोकं त्यांच्यासमोर आपटलं. "ताई, तुम्ही हेच खाता ना? मग तुम्ही ठणठणीत आणि माझं बीपी आभाळाला का टेकलं?"

"किती खाता?"

"दिवसाला दोनच."

"दोन तुकडे?"

"दोन खोकी."

पानाताईंचा घास हातातच राहिला. "काका, बस मागे घेताना काय करता?"

"आरशात बघतो. हे काय विचारणं झालं?"

"बावीस वर्षं मागचं बघितल्याशिवाय गाडी इंचभर हलवली नाहीत. आणि हे खोकं महिनाभर नुसतं पुढून बघितलंत?" त्यांनी खोकं उलटं केलं, इंजिनात डोकावायची छोटी बॅटरी त्यावर धरली. "वाचा. मोठ्यानं."

मुंगीएवढी अक्षरं! काकांनी चष्मा पुसला. "एका भागात मीठ दीड ग्रॅम... हे तर काहीच नाही!"

"भाग म्हणजे केवढा? वर बघा."

"एक... तृतीयांश पिझ्झा." काकांचा आवाज बारीक झाला. त्यांनी बोटांवर हिशेब केला. एका पिझ्झ्यात साडेचार ग्रॅम. दोन पिझ्झ्यांत नऊ!

"अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा," पानाताई म्हणाल्या. "आता तंतू, म्हणजे फायबर, बघा. एका भागात एक ग्रॅम. पिझ्झ्याचा तळ कशाचा? तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, बटाट्याचा स्टार्च. तुमच्या ब्राऊन ब्रेडचा कोंडा गेला आणि वर चीजची चरबी आली."

"म्हणजे फसवलं मला!"

"कुणी? पुढे लिहिलंय ग्लुटेन नाही, तर खरंच नाही. 'बीपीचं औषध' असं कुठे लिहिलंय? बाकीचं सगळं बिचाऱ्यानं पाठीवर लिहिलंय. तुम्हीच वळून बघितलं नाहीत!" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन, पिठाला चिकटपणा आणणारं. ते पोटात गेलं की माझी आतडी सोलून निघतात. लहानपणी मी पाव खाऊन कळवळायचे आणि घरचे म्हणायचे, पोरगी नखरे करते. मोठेपणी हा पिझ्झा मिळाला, पहिल्यांदा मैत्रिणींच्या बरोबरीनं बसून खाल्ला, आणि खाता खाता रडले. ज्यानं बनवला त्याचे हात सोन्याचे! पण मीसुद्धा तो महिन्यातून एकदा खाते, अर्धाच, शेजारी काकडी-टोमॅटोचा ढीग घेऊन. गव्हाशी वैर माझं आहे, काका. तुम्ही माझ्या नंबरचा चष्मा लावलात, मग दिसणार कसं?"

नखरा! आठ वर्षं ज्याला ते नखरा म्हणत होते, ते या बाईचे जपून जगण्याचे कष्ट होते. एकेक ओळ वाचून, एकेक घास तपासून!

"ताई," ते उठून उभे राहिले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजवर हसलो, चुकलो. यापुढे यांना कुणी नखरेवाली म्हटलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे!"

"बसा हो, सूप घ्या," पानाताई म्हणाल्या. "डाळीचं आहे. मीठ बेताचंच."

दुसऱ्या दिवशी उरलेली खोकी पानाताईंच्या फ्रीजरमध्ये गेली. "माझी वर्षभराची सोय झाली की!" त्या हसल्या. काकांच्या घरी सूप, भाज्या आणि ब्राऊन ब्रेड परत आले. गोळी चालू होतीच, वर शेवटच्या थांब्यापासून घरापर्यंत पायी चालणं सुरू झालं. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि आकडा सांगितला: एकशे छत्तीस-शहाऐंशी!

"चालवा गाडी!"

काकांनी आधी पानाताईंना फोन केला, मग घरी. काकू या गोष्टीवरून अजून टोमणे मारतात.

त्या रविवारी काकांनी डेपोतून भंगारात निघालेला बसचा आरसा आणला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्याबाटल्यांच्या मागे ठोकला. भिंगरी बघतच राहिली.

"बाबा, आरशात अक्षरं उलटी दिसतात! एक अक्षर वाचता येत नाही!"

"माहितीये," काका म्हणाले. "म्हणून तर डबा हातात घेऊन फिरवावाच लागतो."

वाचकहो, आपणही फिरवून बघू या! एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं औषध नव्हे, आणि एकाची गरज हा दुसऱ्याच्या हसण्याचा विषय तर मुळीच नव्हे. खोकं असो की माणूस, पुढून बघून मत बनवू नका. खरी हकिगत बारीक अक्षरांत मागे लिहिलेली असते!